माणसाळलेला रोग

अमरावतीत मला खोली मिळाली ती दंडावरच्या खुणेमुळे.

मी तिवस्याची. आमच्या घरानं दीक्षा घेतली त्याला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मला अमरावतीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. नोकरी लागली, पण राहायचं कुठं? ज्या दारात जावं तिथं आधी आडनाव विचारत, मग गाव, मग गावात आमचं घर कोणत्या अंगाला ते विचारत, आणि मग त्यांना एकदम आठवे की खोली कालच कोणाला तरी देऊन टाकली. दुपारभर असं फिरून माझं डोकं तापलं होतं. त्या तापल्या डोक्यानंच मी एका दाराची कडी वाजवली.

दार एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं उघडलं. अंगात बनियन, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, तोंडभर देवीचे व्रण. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "डावा दंड दाखवा."

मी तडकलेच. "काहून? मी बैल आहो काय बाजारातला?"

"बैल असत्या तर कान पाह्यला असता," ते शांतपणे म्हणाले. "देवी टोचल्या का नाई, तेवढं पाहून राहिलो. खूण असन तर खोली तुमची."

मी बाही वर केली. खूण होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, वाकून ती पाहिली, "चांगली उठली आहे" म्हणाले आणि आत निघून गेले. मागून त्यांची बायको आली, पुढं मी त्यांना काकू म्हणायला लागले. गळ्यात तुळशीची माळ, हातात पाण्याचा पेला. "बाई, तुमी यायच्याकडे लक्ष देऊ नका. उद्या कलेक्टर आला तरी हे त्याचा दंडच पाहतीन." पेला घरातलाच होता, बाहेरच्यांसाठी वेगळा ठेवलेला नव्हता. ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

तर असे आमचे घरमालक. गुराढोरांचे डॉक्टर होते. सारी नोकरी अकोला जिल्ह्यात, गावोगाव बुळकांडीची लस टोचत काढलेली. बुळकांडी म्हणजे काय हे आता कोणाला सांगून पटायचं नाही. गावात शिरली की आठवड्यात गोठे रिकामे. लोक त्यांना टोच्या डॉक्टर म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. पेन्शनीत निघाल्यावर माणसं पोथी वाचतात, नातवंडं खेळवतात. यांनी अंगणात सिमेंटच्या टाक्या बांधल्या आणि त्यात मासे सोडले. माशांच्या रोगाची लस बनवायची म्हणून.

घरात कोणी मासे खात नव्हतं, हे विशेष. काकू तर कांदासुद्धा चार महिने टाकायच्या. टाकीतला मासा मेला की तो फाडून, आतलं काय हवं ते काढून उरलेला लिंबाच्या झाडाखाली पुरला जाई. त्या झाडाला अशी लिंबं लागत की बस. काकू ती लिंबं गल्लीभर वाटायच्या, स्वतः मात्र एकही कधी तोंडाला लावलं नाही.

लस म्हणजे औषध असं मी समजत होते. एकदा तसं म्हटलं, तर डॉक्टर माझ्यावर असे खेकसले, जणू मी एखाद्या पोरीला चुकीचा पाढा शिकवला होता.

"औषध नाही, मास्तरीणबाई! रोगच असते तो. जिताजागता रोग. पण माणसाळवलेला."

"रोग माणसाळतो?"

"वाघ नाही माणसाळत सर्कशीत? बुळकांडी कशी माणसाळवली? बैलातली काढली, बकरीत घातली. त्या बकरीतून दुसऱ्या बकरीत, दुसरीतून तिसरीत. असं करता करता तो रोग बकरीचा झाला, बैलाले मारणं इसरला. मंग तोच बैलाले टोचला. बैलाले थोडा ताप येते, दोन दिवस वैरण खात नाही, बस. पुढं जन्मभर खरी बुळकांडी त्याच्या वाटेले जात नाही. रोग मारायचा नसते, बाई. माणसाळवायचा असते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्याला, पोस्टमनला, शाळा तपासायला आलेल्या साहेबाला, सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलेलं. आधी दंड, मग हे वाक्य.

माशांच्या बाबतीत त्यांनी तोच खेळ मांडला होता. तळ्यातल्या रोहूंना एक रोग यायचा. पोट पाण्यानं फुगायचं, खवले उभे राहायचे, अंगावर लाल चट्टे, आणि मग सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरून जायचं. डॉक्टरांचं म्हणणं, हा बुळकांडीच्याच जातीचा, डोळ्यांना न दिसणारा विषाणू. मेलेल्या रोहूचं काळीज वाटायचं, मिठाच्या पाण्यात कालवायचं, घरातल्या पाण्याच्या फिल्टरची मातीची कांडी काढून तिच्यातून गाळायचं आणि ते पाणी मांगूर माशाला टोचायचं. मांगूर मोठा चिवट मासा, चिखलातही जगतो. त्या मांगुरातून दुसऱ्या मांगुरात, तिथून तिसऱ्यात. गाळायची कांडी गेली ती गेलीच, आम्ही सारे तेव्हापासून फडक्यानं गाळलेलं पाणी प्यायला लागलो. काकू म्हणायच्या, "जाऊ द्या बाई, माह्या सवतीचं पाणी आपल्याले काहाले पाह्यजे."

त्या रोगाला ते 'पाहुणा' म्हणत. पाहुण्याला वेळच्या वेळी घर बदलून द्यावं लागे, नाही तर एका मांगुरात तो मरून जाई. ह्या पायी डॉक्टर गावाला म्हणून जात नसत. एकदाच गेले, भाचीच्या लग्नाला अकोल्याला, आणि पाहुण्याला घेऊन गेले. मी आणि काकूही होतो. एसटीत मांडीवर मडकं, मडक्यात मांगूर, वरून ओलं फडकं. मूर्तिजापूर यायच्या आधी गाडीनं कुठंतरी दणका खाल्ला आणि मांगूर खाली पडून सीटांखालून सरपटत निघाला. बायांनी पाय वर घेतले. एक म्हातारबा तो पकडायला वाकले, तशी डॉक्टरांनी बोंब ठोकली, "हात नका लावू! तो बिमार आहे!"

मासा होता तोवर लोक हसत होते. बिमार म्हटल्याबरोबर अर्धी गाडी खाली उतरली. कंडक्टरनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "डॉक्टर, मासोईचं राहू द्या, त्या बिमारीचं तिकीट काढलं का?" डॉक्टर सीटखाली आडवे झाले होते. तिथून गंभीरपणे म्हणाले, "माणसाले लागत नाही तो रोग. बसा म्हणा सगळ्याइले." लग्नात त्यांनी नवरदेवाचा दंड पाहिला, ते सांगायला नकोच.

आणखी एक खूळ सांगायचं म्हणजे लाल दवा. ती पाण्यात टाकायची जांभळी-लाल पूड. नोकरीत असल्यापासून डॉक्टरांचा तिच्यावर भारी जीव. जखम धुवायला लाल दवा, विहिरीत लाल दवा, पेरू धुवायला लाल दवा. वलगावच्या अलीकडं एका तळ्यावर भोई लोक मासे पाळत. कलकत्त्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला माशांची पिल्लं येत, ती आणून तळ्यात सोडत. या भोयांना डॉक्टरांनीच शिकवलं होतं, की पिल्लं आधी लाल दवेच्या पाण्यात बुचकळायची, मगच तळ्यात सोडायची. परक्या पाण्याची घाण आपल्या तळ्यात यायला नको. आधी कोणी ऐकेना, तर हे दर खेपेला तळ्यावर जाऊन उभे राहायचे. कोणी चुकलं की शिव्या. असं कित्येक वर्षं केलं, तेव्हा कुठं ते त्यांच्या अंगवळणी पडलं.

त्या भोयांत गोदामाय होती. विधवा बाई, तोंडानं फटकळ. मासे विकायला बाजारात बसायची, आणि तळ्यावर कोणी काय करायचं ते तीच ठरवायची. तिची बोटं लाल दवेनं कायमची तपकिरी झाली होती. डॉक्टर तिच्या बोटांकडं बोट दाखवून दुसऱ्यांना म्हणत, "हे पाहा! असे पाह्यजेत हात." गोदामाय लाजायची. एरवी ती बाई कोणाच्या बापाला लाजणारी नव्हती.

दोन वर्षं लागोपाठ त्या तळ्यावर रोग आला. दुसऱ्या वर्षी तर विकायला काही उरलंच नाही. गोदामाय आमच्या अंगणात येऊन टाकीच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "सायेब, यंदा बी मासोया मेल्या तं आमी तयं सोडून देतो. पोट्टे जातीन गिरणीत कामाले. तुमचा तो पाहुणा का फाहुणा, तो तयार झाला का नाई?"

तो तयार झाला होता. निदान टाक्यांत तरी. माणसाळलेला रोग पाण्यात सोडला की त्यातली रोहूची पिल्लं दोन दिवस मलूल होत आणि पुन्हा पोहायला लागत. मग त्यांच्यात खरा रोगट मासा सोडला तरी ती टिकत. ज्यांना लस मिळाली नव्हती ती शेजारच्या टाकीतली पिल्लं तोवर पोटं वर करून तरंगत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टर त्या दिवशी दोन्ही टाक्यांच्या मध्ये उकिडवे बसून होते आणि जेवायला उठायला तयार नव्हते. काकूंनी शेवटी ताट अंगणात आणून दिलं.

पुढच्या पावसाळ्यात बडनेऱ्याला पिल्लं आली. तळ्याच्या काठावर मोठाली टोपं मांडली, पाणी भरलं, पिल्लं सोडली. डॉक्टर थर्मास काखेत मारून आले. वर्षभर मांगुरामागून मांगूर करून जमवलेली सारी लस त्यात, खाली-वर बर्फ. थर्मास ते असा धरून चालत की घरून निघतानाच काकू म्हणाल्या, "माह्या एका लेकराले कधी कडेवर घेतलं नाई या माणसानं." प्रत्येक टोपात त्यांनी मोजून-मापून लस ओतली आणि सांगितलं, "आता राहू द्या थोडा वेळ. मी च्या घेतो, मंग सोडू तळ्यात."

बाभळीखाली आम्ही चहा घेतला. त्यांनी बशीतला चहा धोतरावर सांडला. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहत होते. चहा होऊन आम्ही परत आलो, तर टोपांतलं पाणी गुलाबी झालेलं.

गोदामाय शेवटच्या टोपात हात घालून पाणी ढवळत होती. तिनं मान वर करून सांगितलं, "झालं जी सायेब. सगळ्याइत टाकली लाल दवा. तुमी इसरले व्हते, म्या नाई इसरली."

जिवंत लस लाल दवेत क्षणभर टिकत नाही. औषध असतं तर चाललं असतं, पण तो जीव होता, आणि लाल दवेचं कामच जीव मारायचं. हे मला त्यांच्या तोंडाकडं पाहून कळलं. डॉक्टर टोपाशी वाकले, गुलाबी पाण्यात बोट घातलं, बोट धोतराला पुसलं. मला वाटलं आता या बाईचं काही खरं नाही. माणूस तापट होता, पेरू न धुता खाल्ला म्हणून पोस्टमनवर ओरडलेला मी ऐकला होता.

ते म्हणाले, "बरं केलं, माय. सोडा आता तळ्यात."

घरी आल्यावर त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं, "लस मेली," आणि टाक्यांपाशी गेले. पाहुण्याचं बी तेवढं तिथं मांगुरांत शिल्लक होतं.

आणि त्या वर्षी तळ्यावर रोग आलाच नाही! मासे असे वाढले की भोयांनी तसे कधी पाहिले नव्हते. बाजारात गोदामाय टोच्या डॉक्टरचं नाव घेऊन मासे विकायला लागली. बातमी पसरत पसरत वर गेली आणि मासळी खात्याचे एक मोठे साहेब तळं पाहायला येणार असं कळलं. अकोल्याच्या सरकारी फार्मावर एक खोली आणि रॉकेलवर चालणारं बर्फाचं कपाट द्यायची त्यांची तयारी होती. ते कपाट म्हणजे डॉक्टरांचं सारं स्वप्न. बर्फ नसेल तर उन्हाळ्यात पाहुणा जगवणं दर वर्षी जिवावर यायचं. आता ते वयही राहिलं नव्हतं, सत्तरी जवळ आली होती.

मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, खोटं बोलू नका. पण गप तर राहता येते ना? कपाट आलं की पुढच्या वर्षी खरीच लस द्या. टाकीत तर जमलंच आहे तुम्हाला."

त्यांनी चष्मा पुसला. "बाई, तुमची खूण उठली नसती, आणि टोचणाऱ्यानं 'उठली' म्हणून सांगून देलं असतं. मंग देवी आल्या असत्या तर तुमी कोणाले विचारलं असतं?"

मला राग आला. अजून येतो. एका माणसानं किती सरळ असावं याला काही माप?

साहेब जीपमधून आले. काठावर खुर्ची, टेबलावर चादर, गोदामाय नवं लुगडं नेसून हार घेऊन पुढं उभी. साहेबांनी जाळ्यातला रोहू हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या लशीनं कमाल केली म्हणायची."

"लशीनं काही केलं नाही," डॉक्टर म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनय करतोय.

"साहेब, लस तळ्यात गेलीच नाही. टोपातच मेली. मागच्या उन्हाळ्यात हे तळं भेगा पडेपर्यंत आटलं होतं, रोग त्या उन्हानंच मेला असन. माह्या टाकीत लस चालते. तळ्यात चालते का, ते मले माहीत नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "मेली? मेली कशी?"

गोदामायच्या हातातला हार तसाच राहिला. तिला अजून काही उमजलं नव्हतं, पण काहीतरी उमजायला लागलं असावं, कारण तिनं आपली बोटं पदराखाली घेतली.

"म्या मारली," डॉक्टर म्हणाले. "लाल दवेनं. या लोकाइले इतके वर्षं म्याच शिकवलं, लाल दवेबिगर मासा तळ्यात सोडायचा नाही. ते शिकले. जिवंत लशीले ती दवा चालत नाही, हे सांगायचं माह्याकडून राहिलं. हात याइचे होते, चूक माही होती."

साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. असं म्हणून जीपमध्ये बसले. कपाट आलं नाही.

तो उन्हाळा फार वाईट गेला. लग्नसराई होती, बर्फ सारा मांडवांत जाई. डॉक्टर भर उन्हात तरट घेऊन बर्फाच्या कारखान्यावर उभे राहत आणि रिकाम्या हातानं परत येत. टाक्यांचं पाणी हात घालवेना इतकं तापायचं. मांगूर एकेक करून गेले. एक दिवस मी शाळेतून आले तर अंगणात फिनेलचा वास. फिनेलला त्या घरात वर्षानुवर्षं बंदी होती, पाहुण्याला बाधेल म्हणून. डॉक्टर स्वतः टाक्या घासत होते. काकू आतून म्हणाल्या, "बाई, आज खिचडीच टाकते. तुमीही इथंच जेवा."

पाऊस सुरू झाल्यावर गोदामाय आली. डोक्यावर मडकं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. साहेब येऊन गेल्यापासून ती या घराकडं फिरकली नव्हती. तिनं मडकं खाली ठेवलं, तर आत मांगूर, चांगले जाडजूड, वळवळणारे.

"सायेब, हे घ्या. तुमच्या पाहुण्याले नवं घर आणलं. चिखलात उतरून म्या सोता पकडले." आणि मग मान खाली घालून, "तवा मले कोणी सांगतलं असतं का तो जिता हाये, तं म्या..." ही बाई रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर मडक्यावर वाकले. टाक्या कोरड्या होत्या. पाहुणा जाऊन दोन महिने झाले होते, आणि तो पुन्हा आणायचा म्हणजे रोगट रोहू शोधण्यापासून सारं पहिल्यापासून. ते त्यांच्यानं होणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पाणी ओंजळीत घेऊन उजेडात धरलं.

"लाल दवा टाकली का यात?"

"नाई जी! तुमची आन. एक कण नाई टाकला."

"मंग चालते," ते म्हणाले. "बरं झालं आणले. पाहुणा वाटच पाहून राहिला होता."

त्यांनी मला विहिरीवरून पाणी आणायला सांगितलं. टाकी भरली, मांगूर सोडले. गोदामायनं पदरानं तोंड पुसलं आणि टाकीच्या कठड्यावर बसली, पहिल्यासारखी. काकूंनी तिला चहा आणून दिला. मी डॉक्टरांकडं पाहिलं. साहेबापुढं ज्यांना नुसतं गप राहता आलं नव्हतं, ते आता टाकीत बोट घालून मांगुरांना काहीबाही सांगत होते.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली. सुट्टीत कधी गेले की डॉक्टर आधी माझा दंड पाहत, जणू ती खूण पुसली जाईल. गोदामाय बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन दारावरून जायची, आत यायला वेळ नसायचा. रस्त्यावरूनच ओरडायची,

"सायेब, पाहुणा कसा हाये?"

आणि डॉक्टर आतून ओरडायचे, "बरा आहे, माय. बरा आहे."